जास्तीत जास्त दोन

कोंबडीला जनावर म्हणायचं की पाळीव प्राणी, यावर आमच्या मारीनफेल्डच्या नियोजन समितीत एक अख्खी बैठक खर्ची पडली होती. विचिटा शहरातून आलेला तरुण सल्लागार घामाघूम झाला होता. शेवटी ॲडलिन लायकर म्हणाली, "जिला नाव ठेवलंय ती पाळीव, जिला नाव नाही ती जनावर. लिहा आणि चला आता, माझे गुडघे बोलायला लागलेत."

सगळे हसले. मी नगर कार्यालयात कारकून, इतिवृत्त लिहायला बसले होते; मलाही हसू आवरेना. पण सल्लागाराने ते तसं लिहून घेतलं नाही. तो म्हणाला, व्याख्या अशी पाहिजे की ज्याने त्या कोंबडीला कधी पाहिलं नाही त्यालाही ती लावता आली पाहिजे.

ॲडलिनला हे फारच पटलं. मी तिला गाडीतून घरी सोडत असे. त्या दिवशी वाटभर तिने तेच लावून धरलं. "बघ लोइस, पोरगा लहान आहे पण खरं बोलला. माणूस बघून नियम लावला की भांडणं होतात. शब्द नीट बसवून ठेवला की मग कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही."

ॲडलिन गावाच्या उत्तरेला गव्हाच्या शेतावर जन्मली, अकरा भावंडांतली आठवी. घरात जर्मन बोलत. आठवीनंतर शाळा सुटली. ॲल्फॉन्स लायकरशी लग्न झालं आणि ती त्याच्या आजोबांनी बांधलेल्या पिवळ्या चुनखडीच्या दुमजली घरात आली. वरच्या मजल्यावर चार खोल्या होत्या, मुलांसाठी. मुलं झाली नाहीत. एक झालं होतं, ते रडलंच नाही. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि आमच्याकडे असल्या गोष्टी कुणी विचारतही नाही.

शाळेचं स्वयंपाकघर तिने एक पिढी जेवून मोठी होऊन तिची मुलं जेवायला येईपर्यंत सांभाळलं. बुधवारी राजमा-खिम्याचा तिखट रस्सा आणि त्याच्यासोबत दालचिनीचा गोड पाव. बाहेरच्या माणसाला ही जोडी विचित्र वाटते, आम्ही तीच खाऊन वाढलो. गावात माझ्या वयाचा एकही माणूस असा नसेल, ज्याच्या ताटात तिने वाढलं नाही. त्यामुळे मी म्हातारी व्हायला आले तरी तिला "मिसेस लायकर" आणि "तुम्ही"च म्हणत राहिले.

ॲल्फॉन्स धान्याच्या कोठारात कामाला होता. एका सुगीत तळाचं दार उघडं, खालून गहू वाहत असताना तो आत उतरला आणि गव्हाने त्याला ओढून घेतलं. गहू पाण्यासारखा माणूस गिळतो, फक्त पाण्यासारखा परत देत नाही. त्याचा जोडीदार व्हर्जिल गेट्झ काठावर पालथा पडून त्याचा हात धरून होता. हात त्याने सोडला नाही. हात थंड झाल्यावरही लोकांना तो त्याच्या मुठीतून सोडवावा लागला. त्यानंतर दर रविवारी प्रार्थनेहून येताना व्हर्जिल ॲडलिनकडे जेवायला येऊ लागला. तो ॲल्फॉन्सच्या खुर्चीत कधी बसला नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचा, जेवायचा, ताट धुवायचा आणि जायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. गावात लोक काय म्हणायचे ते म्हणायचे, पण तसं काही नव्हतं.

ती निवृत्त झाल्यावर महापौरांनी तिला नियोजन समितीवर बोलावलं. समिती म्हणजे गावातली सात माणसं, पगार नाही, कॉफी आपापली. जुनी नियमावली फाटली होती, नवी करायची होती. बाकीच्यांना तो त्रास वाटे. ॲडलिनला मात्र त्या जाड मसुद्याने झपाटलं. विशेषतः व्याख्यांचं प्रकरण. कुंपण म्हणजे काय, अंगण म्हणजे काय, घर कशाला म्हणायचं आणि चाकांवरच्या पत्र्याच्या घराला घर म्हणायचं का. आठवी शिकलेल्या त्या बाईला असं वाटू लागलं होतं, की जगातला गोंधळ हा बरेचदा ढिसाळ शब्दांचा गोंधळ आहे आणि तो बसून, धीराने, डाळीसारखा निवडता येतो.

त्याच सुमारास पलीकडच्या जिल्ह्यात मांसाचा मोठा कारखाना निघाला. कामाला माणसं दक्षिणेकडून आली, आणि तिकडे घरं पुरेनात म्हणून आमच्या गावापर्यंत पसरली. ॲडलिनच्या घरासमोर लेरॉय डिंकेलच्या आईवडिलांचं घर रिकामं होतं. त्याने ते आठ-नऊ जणांना भाड्याने दिलं. गवतावर गाड्या उभ्या राहू लागल्या. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे दारं सारखी वाजायची. सांडपाणी एकदा तुंबून रस्त्यावर आलं. एवढंच. पण आमच्या गावाला तेवढं पुरलं.

त्यांच्यात एउसेबियो नावाचा एक गृहस्थ होता, चाळिशीचा, डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेलेली. बर्फ पडला की पाळीवरून परतताना तो ॲडलिनच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ओढून टाकायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं. ॲडलिन त्याला कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव द्यायची. ती मला म्हणायची, "माणसं चांगली आहेत. माझं भांडण माणसांशी नाही. जागेच्या वापराशी आहे."

एका घरात एकच कुटुंब, हा आमच्या वस्तीचा नियम; त्यामुळे ‘कुटुंब’ या शब्दाच्या सुनावणीला शाळेचं जेवणघर घ्यावं लागलं, इतकी गर्दी. मसुद्यात सल्लागाराने लिहिलं होतं: रक्ताच्या, विवाहाच्या किंवा दत्तकाच्या नात्यातल्या कितीही व्यक्ती, अथवा असं नातं नसलेल्या जास्तीत जास्त पाच व्यक्ती, ज्या एका चुलीवर एक घर म्हणून राहतात.

"पाच?" मागून कुणीतरी ओरडलं. "पाच म्हणजे दहा!"

"तीन करा," समितीतला एक जण म्हणाला.

ॲडलिनने चष्मा काढला. "तीन ठेवलेत तर पुढच्या वर्षी परत इथेच बसू. दोन ठेवा. दोन मित्र, बहिणींसारख्या दोन बायका, ठीक आहे. तिसरा आला की ते कुटुंब राहत नाही, खाणावळ होते."

टाळ्या पडल्या. तिला टाळ्या आवडल्या नाहीत, हे मी जवळून पाहिलं. तिला फक्त वाक्य पक्कं करायचं होतं.

मग एउसेबियो उभा राहिला. टोपी हातात. तो सावकाश बोलला. "आम्ही सगळे एका गावचे. हा माझ्या बहिणीचा नवरा. हा माझ्या मुलीचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातात घेतलं होतं. आम्ही एका भांड्यात शिजवतो. बाई, तुम्हाला माहीत आहे."

ॲडलिनने त्याच्याकडे बघून उत्तर दिलं, तेवढा मान तिने राखला. "मेहुणा चालेल, ते लग्नाचं नातं. धर्मपिता हे चर्चमधलं नातं आहे. ते मीही मानते. पण नियमात ते मोजता येत नाही."

"मग आम्ही कोण?"

सल्लागाराने पान उलटून सांगितलं, "बोर्डिंग हाऊस, म्हणजे राहण्याची खाणावळ. या विभागात परवानगी नाही."

‘दोन’ मंजूर झालं, आणि महिनाअखेरीस ती माणसं गेली. एउसेबियो धुतलेलं भांडं परत द्यायला ॲडलिनच्या दारात आला होता. तिने आत बोलावलं, तो आला नाही. लेरॉयच्या घराला भाडेकरू मिळाला नाही. हिवाळ्यात नळ फुटले, छत बसलं, आणि त्याला आईवडिलांचं घर पाडून मोकळी जागा तेवढी विकावी लागली. तो दारू पीत नव्हता, पुढे पिऊ लागला.

यानंतर दोन-तीन वर्षांत जे घडलं ते इतकं हळू घडलं, की आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

आधी बर्नडीन शाफर आली. बर्नडीन म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातली ॲडलिनची जोडीदारीण, उंच, धिप्पाड, एका कानाने बहिरी. ती भाड्याने राहायची ते घर मालकाच्या मुलांनी विकलं. "वर चार खोल्या धूळ खातायत," ॲडलिन म्हणाली, "आणि तू कुठे जागा शोधत फिरतेस, मूर्ख बाई!" मग एका वसंतात वाऱ्याने व्हर्जिलचं पत्र्याचं घर उलथवलं. तो खाली सापडला तो खरचटलेला आणि संतापलेला. "दोन आठवडे," तो म्हणाला. "पत्रा मिळेपर्यंत." वर्षानुवर्षं कोठारातली धूळ खाऊन त्याच्या छातीचा भाता झाला होता, खोकला ऐकून ॲडलिनने त्याला खालची खोली दिली. पत्र्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

आम्ही समितीवाले महिन्यातून एकदा तिच्याकडे केक खायला जमायचो. व्हर्जिल कॉफी आणायचा, बर्नडीन पत्ते वाटायची आणि उघड उघड फसवायची.

"तो गुलाम तुझ्या बाहीतून आला," व्हर्जिल म्हणायचा.

"काय? ऐकू येत नाही मला."

"डाव बघताना बरं ऐकू येतं!"

"अरे खोकत बस तू. ॲडलिन, याला सांग, पाहुण्यांसमोर बायकांच्या बाह्यांकडे बघू नये."

ॲडलिन हसून डोळे पुसायची. मी तिला इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तिला व्याख्यांचं प्रकरण तोंडपाठ होतं. आम्हा सगळ्यांनाच ते माहीत होतं. पण त्या टेबलाभोवती बसून माणसं मोजावीत, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

लेरॉयच्या मनात आलं.

तो सकाळी कार्यालयात आला तेव्हा प्यायलेला नव्हता, दाढी केलेली होती. त्याने ड्वेनला, म्हणजे आमच्या नगर व्यवस्थापकाला, सांगितलं, "लायकरच्या घरात तीन आहेत. नातं नाही. तक्रार लिहून घे."

ड्वेन म्हणाला, "लेरॉय, अरे म्हातारी माणसं आहेत ती."

"व्याख्येत वय आहे का?"

ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. मी तक्रारीचा कागद काढला.

ड्वेन स्वतः सांगायला गेला, मला सोबत घेऊन. तिला शाळेतला तोच पोरगा आठवत असणार, जो दोनदा वाढून घ्यायचा. त्याने खिशातून कागद काढला तसं ती म्हणाली, "ती व्याख्या मला वाचून दाखवू नकोस, ड्वेन. मी लिहिलीय ती."

व्हर्जिल आणि बर्नडीन दोघंही टेबलाशी होती. "काय म्हणतोय तो?" बर्नडीनने विचारलं, आणि कुणीच मोठ्याने परत सांगेना.

ॲडलिनने समितीपुढे दुरुस्ती मांडली: दोनऐवजी तीन. अर्जदार म्हणून स्वतःची खुर्ची सोडून समोरच्या लाकडी खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, सोपं आहे. मलाही वाटलं होतं. पण सुनावणीला माणसं जमली आणि एकेक जण उठून तिच्याबद्दल चांगलं बोलून तिच्याविरुद्ध बोलू लागला. "तुमच्यासाठी नाही हो मिसेस लायकर, पण तीन केलेत की ते कारखान्याचे लोक परत येतील." "तुमचं घर वेगळं आहे." कुणी सुचवलं, पासष्टच्या वरच्यांना सूट द्या. वकील म्हणाले, एका घराकडे बघून नियम लिहिता येत नाही, कोर्टात टिकणार नाही.

ती एकदाच कळवळून म्हणाली, "अहो, तुम्ही सगळे जेवलायत त्या टेबलावर!"

शेवटी लेरॉय उठला. लोकांना वाटलं तो आता शिव्या देईल. त्याने दिल्या नाहीत. "मला हिचं घर मोडायचं नाही. माझ्या आईने शेवटपर्यंत हिच्या हातचं खाल्लं. मला फक्त तेच वाक्य ऐकायचंय, जे तेव्हा इथेच ऐकवलं होतं. तिसरा आला की काय होतं, मिसेस लायकर?"

ॲडलिनने उत्तर दिलं. ती खोटं बोलू शकली नसती. "खाणावळ होते," ती म्हणाली.

दुरुस्ती पडली. दोन मतं बाजूने, चार विरुद्ध. तिने त्याच दिवशी राजीनामा दिला.

वकिलांनी मग वाट दाखवली, चांगल्या मनाने दाखवली. व्याख्येत दोनच दारं होती: लग्न आणि दत्तक. आमच्या राज्यात मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं. ॲडलिन आणि व्हर्जिलने लग्न करायचं, आणि दोघांनी मिळून बर्नडीनला दत्तक घ्यायचं. मग तिघं कायद्याने एक कुटुंब.

मी तिथे असताना व्हर्जिलने हे टेबलाशी बोलून दाखवलं. स्टुलावरून उठून उभा राहिला, खोकला, परत उभा राहिला. "ॲडी, मी... ते वकील म्हणतात तसं. तुझी हरकत नसेल तर."

"असं मागणं घालतात होय?" बर्नडीन म्हणाली. "निदान टोपी तरी काढ, गाढवा."

त्याने टोपी काढली. तेव्हा ॲडलिनने त्याच्याकडे पाहिलं आणि मला वाटतं, त्या क्षणी तिला ते पहिल्यांदा दिसलं. इतके रविवार हा माणूस कशासाठी येत होता, ते. तिने मान वळवली. "बरं," ती म्हणाली.

फादर अँटन गावातले जुने धर्मगुरू. त्यांनी दोघांना बसवून घेतलं आणि विचारलं, नवरा-बायको म्हणून राहायचं मनात आहे का? ॲडलिन म्हणाली, "नाही फादर. घर वाचवायचं मनात आहे." फादर म्हणाले, "ॲडलिन, संस्कार म्हणजे परवाना नव्हे. देवासमोर खोटं मी वदवून घेऊ शकत नाही." ती त्यांच्यावर रागावली नाही. त्यांचंही म्हणणं शब्दाला धरून होतं.

म्हणून लग्न जिल्ह्याच्या कचेरीत लागलं. साक्षीदार मी आणि बर्नडीन. चर्चच्या हिशेबी ते लग्नच नव्हतं, नवरा-बायको म्हणवून घेणं पाप होतं, त्यामुळे त्यानंतर ॲडलिनला पवित्र पावाचा प्रसाद घेता येईना. जन्मभर जी बाई दुसऱ्या बाकावरून उठून वेदीपाशी जात होती, ती शेवटच्या बाकावर बसू लागली. बाकीचे रांगेने पुढे जात तेव्हा ती हातातल्या जपमाळेकडे बघत राहायची. व्हर्जिल तिच्या शेजारी, टोपी गुडघ्यावर. तोही जात नसे.

दत्तकाचा अर्ज वसंतात सुनावणीला आला. न्यायाधीश तरुण बाई होत्या, सौम्य. कागद पाहून त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं ते त्यांनी दाबलं. बर्नडीन ॲडलिनपेक्षा एका वर्षाने मोठी होती. पण कायद्यात त्याला आडकाठी नव्हती. संमती तेवढी तोंडी विचारायची.

"मिस शाफर, या बाईंना तुमची आई मानायला तुमची संमती आहे?"

बर्नडीनने कान पुढे केला. न्यायाधीशांनी प्रश्न मोठ्याने परत विचारला. त्या लहानशा खोलीत तो फारच मोठा वाटला.

घरी तिने हो म्हटलं होतं. त्यावर विनोदही केले होते. ॲडलिनला "ममा, दूध दे" म्हणून चिडवलं होतं. पण आता ती उभी राहिली, दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरून. तिची खरी आई धुळीच्या वादळांच्या वर्षांत फुप्फुसांत धूळ भरून वारली होती. बर्नडीन तेव्हा लहान होती, ओल्या फडक्याने आईचं तोंड पुसत बसायची.

"नाही," ती म्हणाली.

वकील घाईने उठले. "मॅडम, माझ्या अशिलाला प्रश्न—"

"मला नीट ऐकू आलंय," बर्नडीन म्हणाली. "मला आई होती. ॲडलिन, तू मैत्रीण आहेस माझी. मला नाही जमणार हे. माफ कर."

ॲडलिन जागेवरच बसून होती. तिने फक्त मान हलवली, जणू पाव करपल्याचं कुणी येऊन सांगावं.

बर्नडीनने त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात जागा पाहिली. ॲडलिन दार अडवून उभी राहिली. "मी दंड भरेन. मला तुरुंगात घालू देत."

"तुला तुरुंगात घातलं तर याला खायला कोण घालेल?" बर्नडीन म्हणाली. "सर बाजूला. तुझं वजन बघ आणि माझं बघ."

हे बोलून ती हसली. आणि जिन्यावरून तिची पेटी व्हर्जिलने खाली आणली. तीन ठिकाणी थांबून, श्वास घेत.

वृद्धाश्रमात तिला जी खोली मिळाली तीत दुसरी एक बाई आधीच होती, पूर्वी कधी न पाहिलेली, दिवसभर टीव्ही लावणारी. त्या खोलीला कुठल्याच व्याख्येची हरकत नव्हती. ॲडलिन दर बुधवारी दालचिनीचे पाव घेऊन जायची. पत्तेही न्यायची. पण बर्नडीन आता फसवत नव्हती, सरळ खेळायची, आणि हरायची. पहिलाच हिवाळा तिने काढला नाही. न्हाणीघरात पाय घसरला, त्यावर न्यूमोनिया.

बर्नडीन घर सोडून गेली त्या दिवशी राहिले ते दोघंच, आणि दोघांना लग्नाची गरजच नव्हती. व्याख्येप्रमाणे नातं नसलेली दोन माणसं खुशाल राहू शकत होती. हे ड्वेनच्या लक्षात आलं, माझ्या आलं, अर्थातच ॲडलिनच्या आलं. मी एकदा हळूच विचारलं, "रद्द करून घेता येईल, मिसेस लायकर. मग फादरही—"

"आणि त्याला काय सांगू?" ती म्हणाली. "की तुझी आता गरज नाही?"

म्हणून ते लग्न तसंच राहिलं. पण घर बिघडलं. आधी व्हर्जिल घरात मोकळा असायचा. आता तो दबकून वावरू लागला, कारण आता तो नवरा होता आणि नवऱ्याने कसं वागायचं ते त्याला माहीत नव्हतं. तिने त्याला एकदा ॲल्फॉन्सच्या खुर्चीत बस म्हटलं. तो बसला, आणि घास खाली उतरेना म्हणून ताट घेऊन उठून गेला. दोघं एकमेकांशी फार अदबीने बोलत. मीठ हवंय का. नको, आभारी आहे. खिडकी लावू का. तुमची इच्छा. ‘तू’चं ‘तुम्ही’ कधी झालं कळलं नाही. पत्ते कपाटात गेले. दोघांचा डाव होत नाही.

अखेरीस त्याची छाती बंद पडत चालली तेव्हा ती रात्रंदिवस त्याच्या उशाशी होती. मी दुपारी जाऊन बसायची. एकदा तो बरळत होता, की हात सोडणार नाही, ॲल्फॉन्स, हात सोडणार नाही. तिने आपला हात त्याच्या हातात दिला. त्याने डोळे उघडून बघितलं, तिला ओळखलं, आणि संकोचून हात काढून घेतला. "माफ करा," तो म्हणाला. ते त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं.

त्याला पुरताना पाऊस नव्हता, वारा होता. कोठारातली सगळी माणसं आली होती. लेरॉयही आला होता, कुंपणाबाहेर उभा होता. ॲडलिन त्याच्यापाशी गेली. दोघं नुसतीच समोरासमोर उभी राहिली आणि मग आपापल्या वाटेला लागली.

त्यानंतर तिने रांधणं सोडलं. मी डबा नेला की म्हणायची, "ठेव तिथे." पुढच्या खेपेला तो तिथेच असायचा. फादर अँटन घरी आले. आता ती पुन्हा विधवा होती, पापनिवेदन केलं की प्रसाद मिळणार होता. ती म्हणाली, "काय कबूल करू, फादर? लग्न केलं हे पाप, की ते मनापासून केलं नाही हे?" फादर म्हणाले, दोन्ही सांग. ती म्हणाली, "माझं पाप या दोन्हींत बसत नाही." आणि ती गेलीच नाही.

आता मारीनफेल्डमध्ये त्या रस्त्यावर चारच घरांत दिवा लागतो. कारखान्याची माणसं पलीकडच्या गावात स्थिरावली. तिकडे नवी शाळा बांधली. आमची बंद झाली, पोरं नाहीत. नियोजन समितीला गणसंख्या जमत नाही, म्हणून नियमावली आहे तशीच आहे. ड्वेन मागे म्हणाला, गावात कुणी दहा माणसं घेऊन आलं तर मी स्वतः त्यांचं सामान उतरवेन. कुणी येत नाही.

ॲडलिन गेल्या पानगळीपासून जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात आहे. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं. घर विकायला काढलं होतं, घ्यायला कोणी पुढे आलं नाही. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा तिने मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. तिने विचारलं, "घरात... कोण?"

"कोणी नाही, मिसेस लायकर."

तिने डावा हात पांघरुणावर चाचपडत हलवला, जणू काही उचलून ठेवायचं राहिलंय. मग भिंतीकडे तोंड केलं. मी जेवणाची गाडी येईपर्यंत बसले. परिचारिकेने घास पुढे केला तेव्हा तिने ओठ मिटून घेतले, आणि ते काही केल्या उघडले नाहीत.